चिठ्ठीवरचे गाव : निसर्ग-इतिहास संग्रहालय समाजाच्या कोणत्या कामी येते?

निसर्ग-इतिहास संग्रहालयाला दोन घरे असतात. पुढचे घर काचेच्या दालनांचे. तेथे पेंढा भरलेला वाघ, पंख पसरलेला गरुड आणि मगरीचा सांगाडा असतो. शाळेची सहल येते, मुले काचेला नाक लावून उभी राहतात आणि पाऊण तासात रांग बाहेर पडते. मागचे घर कपाटांचे. तेथे सहल जात नाही. लाकडी किंवा लोखंडी कपाटे, त्यांत उथळ खण, आणि खणांत ओळीने उताणी निजवलेली शेकडो पाखरे. पाखराचे कातडे अलगद सोलून, किडीपासून रक्षण व्हावे म्हणून त्याला पूर्वी सोमलयुक्त साबण लावीत, आत कापूस भरीत आणि पोटाशी टाके घालीत. डोळ्यांच्या जागीही कापूसच. दिसायला या वस्तू मुळीच आकर्षक नाहीत. परंतु प्रत्येकीच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. हा जीव कोठे मिळाला, कोणत्या दिवशी मिळाला, कोणी मिळवला आणि तो नर होता की मादी, एवढेच तिच्यावर लिहिलेले असते.

समाजाला संग्रहालयाचा उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर प्रामुख्याने या मागच्या घरात आणि त्या चिठ्ठीत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढचे दालन कुतूहल जागे करते, तेही कमी महत्त्वाचे नाही. पण पुरावा सांभाळला जातो तो मागे.

आपल्याकडे या कामाची पायाभरणी मुंबईत झाली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ निसर्गप्रेमी एकत्र आले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. त्या आठांत सहा युरोपीय व दोन भारतीय होते. भारतीयांपैकी एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, ते वनस्पतींचे जाणकार होते आणि मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची त्यांनी १८७९ साली तयार केली होती. बालविवाहाचे बंधन नाकारून न्यायालयात उभ्या राहिलेल्या आणि पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाई यांचे ते सावत्र वडील. समाजसुधारणेची आणि निसर्गविज्ञानाची वाट त्या काळी एकाच उंबरठ्यावरून निघत होती, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते. सोसायटीचा संग्रह पुढे वाढत जाऊन एक लाखाहून अधिक नमुन्यांचा झाला. १९११ मध्ये सोसायटीने सस्तन प्राण्यांची देशव्यापी पाहणी हाती घेतली, तेव्हा तिच्या अहवालांतील पहिला अहवाल खानदेशावर होता.

खानदेशाचे नाव निघाले म्हणून संग्रहालयाच्या उपयोगाचे सर्वांत बोलके उदाहरण येथेच सविस्तर सांगतो. ते रानपिंगळ्याचे आहे.

पिंगळा आपल्या सर्वांच्या ओळखीचा. गावकुसाच्या वडा-चिंचेवर जोडीने बसणारे, संध्याकाळी चिरकणारे ते ठिपक्यांचे लहान घुबड. रानपिंगळा त्याचा रानातला भाऊबंद. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छाती गडद तपकिरी असते, पाय व नख्या अधिक दणकट असतात, आणि तो घुबड असूनही दिवसाउजेडी शिकार करतो. १८७२ च्या अखेरीस एफ. आर. ब्लेविट या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडच्या भागात तो प्रथम मिळवला, आणि पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याला ब्लेविटचे नाव देऊन जगापुढे मांडले. हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचा हात होता तेच. त्यानंतर खानदेशात नोकरीस असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोदे-शहादे परिसरात, आणखी काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी दिसेनासा झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे जेमतेम सात नमुने होते.

त्यांतील एका नमुन्याची चिठ्ठी वेगळे सांगत होती. गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे, १९१४ साली, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी मिळवला, अशी तिच्यावरची नोंद. कर्नलसाहेब लष्करातले नामांकित गृहस्थ. आपला सुमारे वीस हजार पाखरांचा संग्रह त्यांनी १९५४ मध्ये लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाला देऊन टाकला होता. एवढ्या मोठ्या माणसाच्या चिठ्ठीवर अविश्वास कोण दाखवणार? त्यामुळे रानपिंगळा अखेरचा दिसला तो १९१४ साली मांडवीला, असे पुस्तकांतून छापले जाऊ लागले आणि शोध घेणारेही त्या नोंदीच्या भरवशावर फिरले. पक्षी काही मिळाला नाही. तो नामशेष झाला, असे अनेकांनी मनोमन मान्य करून टाकले.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ भारतीय उपखंडातील पाखरांच्या ग्रंथासाठी संग्रहालयांचे खण तपासत होत्या. माइनर्ट्झहागेन यांच्या नमुन्यांत काहीतरी गफलत आहे, अशी शंका त्याआधीच उपस्थित झाली होती. रानपिंगळ्याचा तो नमुना नीट तपासला तेव्हा कळले की कातडे एकदा भरून शिवलेले होते, नंतर उसवून त्यातील भरण बदलले होते आणि पुन्हा शिवले होते. क्ष-किरणांखाली जुन्या हाताळणीच्या खुणा उमटल्या, आणि त्या डेव्हिडसन यांच्या पद्धतीशी जुळत होत्या. प्रत्येक जाणकाराची कातडे भरण्याची स्वतःची अशी एक धाटणी असते, गवंड्याच्या हाताची असते तशी. निष्कर्ष स्पष्ट झाला. तो नमुना डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला होता. कर्नलसाहेबांनी तो संग्रहालयातून उचलला, नव्याने भरला आणि त्यावर स्वतःच्या नावाची खोटी चिठ्ठी बांधली. मांडवीची नोंद बनावट ठरली. माइनर्ट्झहागेन तेव्हा हयात नव्हते. त्यांचे निधन १९६७ मध्ये झाले होते.

खोटे गाव नकाशावरून पुसले तेव्हा खरी गावे उरली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी शोध घेतला, तेथे निराशा झाली, मग ते खानदेशात उतरले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या सागवानी रानात, एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर, ऊन अंगावर घेत रानपिंगळा बसलेला होता. एकशे तेरा वर्षांनी! पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तोरणमाळच्या परिसरात त्याचा अभ्यास केला. मग मेळघाटात तो सापडला, मध्य प्रदेशात सापडला आणि २०१४ मध्ये तर मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही सापडला. अत्यंत संकटग्रस्त अशी त्याची गणना होती, ती २०१८ मध्ये एक पायरी खाली आणता आली.

या हकिकतीत दोन गोष्टी आहेत. चिठ्ठी खोटी असली तर वर्षानुवर्षे लोक चुकीच्या दिशेने चालतात, ही पहिली. दुसरी अशी की खोटे उघडकीस आले तेही संग्रहालयामुळेच, कारण वस्तू जपून ठेवलेली होती. नुसती पुस्तकातली नोंद असती तर तिची क्ष-किरणांनी तपासणी कशी झाली असती? प्रतिष्ठित माणसाने सांगितले म्हणून नव्हे, तर पुन्हा तपासून पाहता येते म्हणून एखादी गोष्ट मान्य करावी, हा विज्ञानाचा नियम शिकवायला याहून चांगला धडा माझ्या तरी माहितीत नाही. पिंगळ्याच्या ओरडण्याला अशुभ मानून त्याला दगड मारणारे हात अजून आपल्या वस्त्यांत आहेत. त्या मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी.

संग्रहाचे उपयोग कधीकधी जमवणाऱ्याच्या स्वप्नातही नसतात. इंग्लंडात पाखरांची अंडी जमवण्याचा छंद एकेकाळी फार बोकाळला होता. पोकळ केलेली अंडी, पेट्यांत कापसावर मांडलेली, प्रत्येकावर तारीख. छंद म्हणून तो निंद्यच. परंतु बहिरी ससाण्याची संख्या झपाट्याने घटू लागली आणि घरट्यांत फुटकी अंडी मिळू लागली, तेव्हा डेरेक रॅटक्लिफ यांनी या जुन्या पेट्या उघडल्या. वर्षागणिक कवचांचे वजन आणि आकार मोजले. दशकानुदशके कवच जसेच्या तसे होते. १९४७ च्या सुमारास ते एकाएकी पातळ झाले, वजनात जवळजवळ एक पंचमांश घट. डीडीटीचा वापर सर्वत्र सुरू झाला तोच हा काळ. १९६७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. डीडीटीपासून शरीरात तयार होणारे द्रव्य मादीच्या कवचात चुना बसू देत नाही, हे पुढे प्रयोगांनीही दिसून आले. १९७२ मध्ये अमेरिकेने शेतीतील डीडीटीवर बंदी घातली. भारतात शेतीसाठीची बंदी १९८९ ची आहे. जे विष ससाण्याच्या अंड्यात पोहोचले, ते अन्नसाखळीतून माणसाच्या ताटापर्यंतही पोहोचत होते. ज्यांचे आईवडील पाठीवर पंप बांधून कपाशीवर फवारणी करतात, त्या वाचकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

गिधाडांचेही तसेच. लांब चोचीचे गिधाड म्हणून जे एकच समजले जात होते, त्यात दोन वेगळ्या जाती आहेत, हे २००१ मध्ये संग्रहालयांतील कवट्या व चोची मोजून दाखवले गेले. एक सह्याद्रीसारख्या कड्यांवर घरटे करणारी, दुसरी उत्तरेकडे झाडांवर. डायक्लोफिनॅक या गुरांच्या औषधाने गिधाडे मरत होती, त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली आणि गिधाडांची पैदास केंद्रे उभी राहिली; तेथे दोन्ही जाती वेगळ्या राखणे शक्य झाले ते या मोजमापामुळे.

आता आरोग्याकडे वळू. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर रानात वानरे पटापट मरून पडू लागली, आणि पाठोपाठ रानात जाणारी माणसे तापाने फणफणू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, या रोगाचा विषाणू शोधला. आपल्याकडे त्यास माकडताप म्हणतात. हा विषाणू रशियातील एका विषाणूचा नातलग निघाला. मग प्रश्न आला की तो इतक्या दूर आला कसा? हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी पाखरे अंगावरच्या गोचिडांबरोबर तो आणीत असतील काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली पाखरांच्या पायांत क्रमांकाचे वाळे घालण्याचा मोठा उपक्रम हाती घेतला. पाखरे जाळ्यात धरावयाची, त्यांच्या अंगावरचे गोचीड वेचून ठेवावयाचे, वाळे घालून पाखरू सोडून द्यावयाचे. पाखरांवरचा आरोप सिद्ध झाला नाही. रोग पसरवणारा गोचीड आपल्याच रानातला आहे, हे दिसून आले. मात्र त्या उपक्रमातून स्थलांतराविषयी जी माहिती हाती आली, ती आजही वापरली जाते. पुढे हाच माकडताप गोव्यात आणि २०१६ च्या सुमारास सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आला. काजूच्या बागेत, सरपणासाठी रानात जाणाऱ्या माणसाला तो गाठतो. अशा वेळी हाताच्या नखाहून लहान अशा गोचिडाची जात अचूक सांगू शकणारा माणूस लागतो, आणि ताडून पाहायला खात्रीचा जुना नमुना लागतो. दोन्हींची सोय संग्रहालयातच असते.

निवासी शाळेच्या दृष्टीने सर्वांत जवळचा विषय सापांचा. मण्यार आणि कवड्या हे दोन साप रात्री घरात शिरतात. दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे. पहिला अत्यंत विषारी, दुसरा बिनविषारी. स्पिरिटच्या बरणीतील नमुने शेजारी ठेवून पाहिले म्हणजे फरक कळतो. मण्यारीच्या पाठीच्या मध्यावरील खवल्यांची ओळ मोठी व षट्कोनी असते. तिचे बारीक पट्टे बहुधा जोडीने असतात आणि डोक्याकडे पुसट होत जातात. कवड्याचे पट्टे उलट मानेपाशी ठळक व शेपटीकडे पुसट. जिवंत सापावर हा अभ्यास करता येत नाही आणि करूही नये. बरणीतल्या सापावर तो निर्धास्तपणे करता येतो. भारतात वापरले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारांच्या विषापासून बनते, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, म्हणून कोणता साप कोणत्या गावचा याची नोंद ही औषधशास्त्राची गरज आहे. येथे एक इशारा आवश्यक आहे. जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावली तर वेदना जवळजवळ होत नाही, खूणही दिसेलच असे नाही. पोटदुखी, पापण्या जड होणे ही लक्षणे दिसताच, साप ओळखत न बसता, मांत्रिकाकडे न जाता, सरळ रुग्णालय गाठावे.

या सगळ्यावर या स्मरणिकेच्या वाचकांच्या मनात एक प्रश्न येणारच, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हा संग्रह जीव मारून जमवलेला नाही काय? जुना बहुतांश संग्रह तसाच आहे. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील घेतलेल्या समाजाने त्याचे कौतुक डोळे मिटून करू नये. बंदुकीवाचून पाखरू ओळखता येत नसे, दुर्बिणी दुर्मीळ होत्या, हे कारण काही प्रमाणात खरे. हौस आणि साहेबी शौक हेही तितकेच खरे. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती वाट बंद केली आहे. मेलेले आढळलेले किंवा तस्करांकडून जप्त झालेले जीव संग्रहालयात येतात, एका पिसावरून किंवा रक्ताच्या थेंबावरून जनुकांचा अभ्यास होतो. जे जीव पूर्वीच गेले त्यांच्याकडून शिकता येईल तेवढे शिकून घेणे, हे त्यांना पुन्हा मारण्यापेक्षा बरे, असे माझे मत आहे.

दुसरी खंत वेगळी आहे. जुन्या चिठ्ठ्यांवर साहेबांची नावे असतात. रानाची वाट दाखवणाऱ्या, पाखराचा आवाज ओळखणाऱ्या, रात्रभर कातडी सोलणाऱ्या माणसांची नावे क्वचितच. भिल्ल, कोरकू, कातकरी समाजाचे ज्ञान या खणांत पडून आहे, पण ज्ञानी म्हणून त्यांची नोंद नाही. नव्या नोंदी लिहिताना हे बदलता येण्याजोगे आहे, आणि त्यासाठी पैसाही लागत नाही.

१९०८ मध्ये पिवळ्या गळ्याची एक चिमणी घेऊन सालिम अली नावाचा मुलगा सोसायटीच्या कचेरीत गेला. चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला हाकलले नाही. पक्षी ओळखून दिला आणि कपाटे उघडून सगळा संग्रह दाखवला. तोच मुलगा पुढे १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्ग-इतिहास विभागात मार्गदर्शक व्याख्याता झाला आणि शाळांच्या मुलांना दालने समजावून देऊ लागला. आज त्याच संग्रहालयाची, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस २०१५ पासून गावोगावच्या शाळांपर्यंत जाते. फोर्टमधल्या इमारतीची पायरी चढण्याचे धैर्य ज्यांना होत नाही, त्यांच्या दारी संग्रहालय येणे ही मोठीच गोष्ट म्हणावयास हवी.

आपल्या विद्यालयात विज्ञानाच्या खोलीत एक कपाट या कामी काढून देता येईल. त्यात पाखरे, अंडी, घरटी ठेवू नयेत. अंडी काढणे आणि घरटी मोडणे हा गुन्हा आहे. गावागावांतल्या बियाण्यांचे जुने वाण, वहीत दाबून वाळवलेल्या रानभाज्या, मातीचे व दगडांचे नमुने, ओढ्याकाठी पडलेले गोगलगायींचे रिकामे शंख, एवढे पुष्कळ. सुट्टीहून परतताना प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावचा एक नमुना आणावा आणि जाड कागदाच्या तुकड्यावर न पुसणाऱ्या शाईने सहा गोष्टी लिहाव्यात : स्थानिक नाव, गाव, तालुका व जिल्हा, नेमकी जागा, म्हणजे बांध, ओढा की डोंगरउतार, दिनांक, आणणाऱ्याचे नाव, आणि ज्या आजीने किंवा आजोबाने ओळखून दिले त्यांचे पूर्ण नाव. माजी विद्यार्थ्यांपैकी जे वनखात्यात, कृषी खात्यात किंवा महाविद्यालयांत आहेत, त्यांनी वर्षातून एकदा येऊन या चिठ्ठ्या तपासून द्याव्यात. दाबलेल्या वनस्पतींची शास्त्रीय नावे ताडून पाहण्यासाठी मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात ते आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसावे. बुरशीने पहिला घास घेतला जातो तो कागदाचा.